गोलंदाज कै. बाळू पालवणकर

हिंवाळ्यांत शाळेचे क्रीडादिवस जवळ आले, म्हणजे आमचें मैदान शाळेच्या घंटेआधींच जागें होतें. पहाटेच्या गारठ्यांत कोणी पाणी शिंपडून रूळ ओढतो, कोणी दोरी ताणून फक्की मारतो, कोणी जाळ्यांचे खांब रोवतो. मुलें गणवेष घालून, बॅट खांद्यावर टाकून येतात, तेव्हां पांढऱ्या स्वच्छ रेषा त्यांची वाट पाहत असतात. त्या कोणी ओढल्या, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आज आम्ही वाचकांना ज्या पुरुषाचें चरित्र सांगणार आहों, तो आरंभीं अशाच रेषा ओढणारा एक मुलगा होता.

या चरित्राची निवड कशी झाली, तेंहि सांगितलें पाहिजे. आमच्या छत्रपति संभाजीनगर शहरांतील मुलांना क्रिकेटबरोबर आतां सॉफ्टबॉल आणि बेसबॉल या खेळांचीहि गोडी लागली आहे. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतील विल्यमस्पोर्ट या गांवीं १९३९ सालीं लहान मुलांसाठीं लिटल लीग नांवाची बेसबॉलची संस्था निघाली. १९४७ पासून त्या गांवीं तिची अंतिम स्पर्धा भरूं लागली, आणि पुढें देशोदेशींच्या मुलांचे संघ तींत उतरूं लागले. या जागतिक स्पर्धेविषयीं यंदाच्या अंकांत लिहावें, असा मुलांनीं आग्रह धरला. आम्ही माहिती मिळवूं लागलों, तों १९५५ सालच्या एका प्रसंगापाशीं येऊन थबकलों. तो प्रसंग या लेखाच्या शेवटीं सांगूं. तो वाचतांना आम्हांस आमच्याच महाराष्ट्रांतील एका जुन्या खेळाडूची आठवण झाली. आणि त्यानें इहलोक सोडला तो नेमका त्याच वर्षीं, हें लक्षांत आल्यावर त्याचें चरित्र आधीं सांगावें असें ठरलें.

बाळूचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतील. पालवण या गांवावरून पालवणकर हें आडनांव पडलें. जात चर्मकाराची. त्या काळीं या समाजास अस्पृश्य मानीत. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द केली. परंतु त्यापूर्वींचा रिवाज काय होता, तें सांगितल्यावांचून या चरित्राचा अर्थ लागणार नाहीं. ज्या विहिरीवर गांव पाणी भरी, तेथें या माणसांनीं घागर बुडवावयाची नाहीं. देवळाची पायरी चढावयाची नाहीं. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावावयाचा नाहीं. अमुक घरीं जन्म झाला, यापलीकडे त्याला कसलेंहि कारण नव्हतें.

बाळूचे वडील पुण्यास लष्करी खात्यांत चाकरीला होते. पुण्याच्या छावणींत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम हे दोघे खेळावयास शिकले. घरची स्थिति बेताची होती. चार भावांत बाळू थोरला. तेव्हां त्यानें लवकर मिळवतें व्हावें, हें ओघानेंच आलें. त्यास पहिली नोकरी मिळाली ती पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबांत. मैदान झाडावयाचें, रूळ फिरवावयाचा, आणि सभासदांची इच्छा झाली तर त्यांच्या सरावासाठीं चेंडू टाकावयाचा. पगार दरमहा ३ रुपये.

पुढें १८९२ च्या सुमारास युरोपियन लोकांच्या पूना क्लबांत बाळूला जागा मिळाली. येथें पगार एका रुपयानें वाढला. कामहि वाढलें. खेळपट्टी रूळ फिरवून सारखी करणें, तिच्यावर रेषा आंखणें, जाळीं उभारणें, टेनिसच्या मैदानाची आंखणी करणें, हीं सर्व कामें त्याच्या वांट्याला आलीं. एके दिवशीं सभासदांपैकीं कोणी तरी त्याला जाळ्यांत चेंडू टाकावयास सांगितलें. डाव्या हातानें संथ, उंचावून टाकलेला त्याचा चेंडू टप्पा घेतल्यावर असा वळे, कीं भल्याभल्या फलंदाजांची बॅट हवेंत फिरे. तेव्हांपासून मैदानाच्या कामाबरोबर गोलंदाजी हेंहि त्याचें नित्याचें काम होऊन बसलें.

त्या क्लबांत कॅप्टन ग्रेग नांवाचे अधिकारी होते. बुटक्या बांध्याचे ग्रेग हे त्या वेळच्या हिंदुस्थानांतील युरोपियनांमध्यें अत्यंत नामांकित फलंदाज. ते इतरांच्या आधीं मैदानावर येत आणि एकट्या बाळूला चेंडू टाकावयास लावीत. बाळूनें बाद केलें, कीं दर वेळीं ग्रेग त्याला आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. महिन्याचा पगार ४ रुपये असतां आठ आणे म्हणजे किती, याचा हिशेब आमच्या बालवाचकांनीं स्वतः करून पाहावा. म्हणजे त्या मुलाच्या डाव्या हाताला एवढी अचूकता कोठून आली, याचें अर्धें उत्तर मिळेल. उरलेलें अर्धें उत्तर म्हणजे रोजचे श्रम. सभासद येत, अर्धा-पाऊण तास खेळत आणि जात. परंतु बाळूला सर्वांसाठीं चेंडू टाकावा लागे. कोणाचा पाय पुढें येण्यास कचरतो, कोण उंच चेंडूला भुलतो, हें तो गुपचूप मनांत टिपून ठेवी. शाळेचें दार त्याला नीट उघडलें नाहीं; तें जाळें हीच त्याची शाळा झाली.

येथें एक गोष्ट विसरूं नये. इतकीं वर्षें त्या क्लबांत राबूनहि बाळूला कोणी बॅट हातीं घेऊन खेळावयास सांगितलें नाहीं. चेंडू टाकणें हें श्रमाचें काम. तें चाकरानें करावें. बॅट चालवणें ही ऐट. ती साहेबानें मिरवावी. खेळांतहि कामाची अशी वांटणी असते, आणि ती इतकी अंगवळणीं पडते, कीं तींत कांहीं चुकतें आहे असें कोणास वाटतहि नाहीं.

ग्रेगसाहेबांना जाळ्यांत वारंवार चकविणाऱ्या या मुलाची वार्ता पुण्याच्या शहरांत जावयास वेळ लागला नाहीं. पुण्यांतील हिंदु खेळाडूंचा क्लब युरोपियनांशीं सामने खेळे, आणि त्यांना जिंकण्याची त्याची मोठी उमेद होती. बाळूला संघांत घ्यावें कीं नाहीं, यावर क्लबांत दोन तट पडले. जिंकावयाचें तर असा गोलंदाज हवा, हें सर्वांना दिसत होतें. परंतु त्याच्या हातचा चेंडू आपल्या हातीं घ्यावा लागेल, याचा कांहींना विटाळ वाटत होता. अखेर जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षां मोठी ठरली, आणि बाळू हिंदूंच्या संघांतून खेळूं लागला.

मैदानावर त्याचा चेंडू सर्वजण झेलीत. परंतु चहाची वेळ झाली, कीं बाकीचे गडी आंत जाऊन कपबशांतून चहा पीत, आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यांतून चहा मिळे. जेवणाच्या वेळीं त्याचें पान निराळें मांडलें जाई. तोंड धुवावयास पाणी हवें असलें, तर तेंहि त्याच्याच समाजाच्या गड्यानें आणून द्यावें लागे. आम्ही हें लिहितांना थांबलों. ज्यानें सकाळीं पांच गडी बाद करून संघाची लाज राखली, तो दुपारीं उन्हांत एकटा बसून मातीच्या भांड्यांतला चहा पीत आहे, हें चित्र डोळ्यांसमोरून हलेना. त्या चहाविषयीं त्यानें कोठें तक्रार केल्याचें आमच्या वाचनांत आलें नाहीं. चहा संपवून तो पुन्हां मैदानावर जाई आणि पुढचें षटक टाकी.

सातारच्या युरोपियन जिमखान्याबरोबर झालेल्या सामन्याची हकीकत प्रसिद्ध आहे. बाळूच्या गोलंदाजीची धार बोथट व्हावी म्हणून यजमानांनीं खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती दगडासारखी घट्ट करून ठेवली होती. जो स्वतः वर्षानुवर्षें रूळ ओढीत आला, त्याला खेळपट्टीची ही भाषा नवी नव्हती. त्यानें त्या सामन्यांत ७ गडी बाद केले आणि पुण्याचा संघ सहज विजयी झाला. पुढें पुण्यांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं भर सभेंत त्याच्या गळ्यांत हार घातला. ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असा त्या सुधारकांचा सवाल होता, आणि त्याचें उत्तर विरोधकांना सुचत नव्हतें.

पुण्यास प्लेगची साथ आली, त्या दिवसांत बाळू मुंबईस आले. येथून पुढें आम्ही त्यांचा उल्लेख बहुवचनानें करूं, कारण येथून पुढें त्यांना नांव व मान मिळूं लागला. १८९४ सालीं स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यांत त्यांचा प्रवेश झाला. येथेंहि आरंभीं कुरकूर झाली. परंतु मुंबईची हवा पुण्यापेक्षां मोकळी होती, आणि हळूहळू जिमखान्यांत इतर खेळाडूंबरोबर त्यांचें जेवणखाणहि होऊं लागलें. कांहीं वर्षें ते मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेच्या संघांतूनहि खेळले. शिवराम हे त्यांचे धाकटे बंधुहि नांवारूपास आले.

१९०६ सालीं मुंबईंत हिंदु आणि युरोपियन यांचा सामना झाला. युरोपियन संघ पारशांशीं अनेक वर्षें खेळत असे. हिंदूंना त्यांच्याशीं बरोबरीनें खेळण्याचा हा मान नवा होता. सामना पाहावयास शहर लोटलें. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ धांवा केल्या, युरोपियनांनीं १९१. दुसऱ्या डावांत हिंदूंच्या १६० धांवा झाल्या, आणि युरोपियनांचा सगळा संघ अवघ्या १०२ धांवांत गारद झाला. हिंदूंचा १०९ धांवांनीं विजय झाला, आणि त्यांत बाळूंच्या गोलंदाजीचा वांटा मोठा होता. पुढच्याच वर्षीं हिंदूंनीं युरोपियनांना पुन्हां हरविलें. या विजयाचा आनंद नुसत्या खेळाचा नव्हता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळांत हरविलें, हा एक आनंद. आणि ब्राह्मणापासून चर्मकारापर्यंतचे गडी एका संघांत खेळल्यामुळें हरवितां आलें, हा सुधारक पत्रांनीं आवर्जून दाखविलेला दुसरा आनंद.

बाळूंच्या कीर्तीचा कळस म्हणजे १९११ चा इंग्लंडचा दौरा. पारशांचे संघ पूर्वीं विलायतेस जाऊन आले होते. परंतु पारशी, हिंदु, मुसलमान आणि शीख अशा सर्वांचा मिळून एक हिंदी संघ समुद्रापार जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे कप्तान होते. बाळू व शिवराम हे दोघेहि बंधु या संघांत निवडले गेले. बाळूंचें वय त्या वेळीं पस्तीस. गोलंदाजाच्या खांद्याला तें वय उतरतीचें; आणि त्यांचा खांदा त्या दौऱ्यांत दुखत होता. महाराजांना दरबारी भेटी व मेजवान्यांचें निमंत्रण मैदानापेक्षां अधिक, त्यामुळें बऱ्याच सामन्यांत कप्तानाची जागा दुसऱ्यांना भरून काढावी लागली. अनोळखी हवा, अनोळखी खेळपट्ट्या, आणि समोर इंग्लंडच्या परगण्यांचे मुरलेले संघ. एकंदर २३ सामन्यांपैकीं हिंदी संघानें ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले.

या आंकड्यांवरून दौरा फसला असें कोणी म्हणेल. परंतु त्यांच्याशेजारीं दुसरा आंकडा ठेवून पाहावा. त्या एका उन्हाळ्यांत बाळूंनीं ११४ गडी बाद केले, आणि दर गड्यामागें १९ पेक्षांहि कमी धांवा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एका डावांत त्यांनीं १०३ धांवांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या संघांना हिंदी संघानें हरविलें. सॉमरसेटचा सामना तर अखेरचा गडी खेळत असतां जिंकला गेला, आणि त्यांत शिवरामांनीं नाबाद ११३ धांवा काढल्या. बाळूंनीं इंग्लंडांत राहून धंदेवाईक गोलंदाज व्हावें, अशीं बोलणींहि आलीं. ते राहिले नाहींत, परत आले. ज्या पुण्यांत त्यांना मातीच्या भांड्यांतून चहा मिळे, त्या देशाचा सर्वोत्तम गोलंदाज कोण, हें तोंवर इंग्लंडला कळून चुकलें होतें.

मुंबईस परतल्यावर त्यांचा मोठा सत्कार झाला. अस्पृश्य समाजानें त्यांना मानपत्र दिलें, आणि त्या कामीं कॉलेजांत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणानें पुढाकार घेतला होता, असें चरित्रकार सांगतात. समाजांत ज्याच्याकडे बोट दाखवून मुलांना धीर द्यावा, असा माणूस त्या काळीं दुसरा नव्हता.

आतां या चरित्रांतील सर्वांत कठीण भाग सांगावयाचा आहे. १९१२ पासून मुंबईंत युरोपियन, पारशी, हिंदु आणि मुसलमान अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. शिवरामांच्या पाठचे विठ्ठल आणि गणपत हे बंधुहि तयार झाले होते. १९१३ सालीं चारहि पालवणकर बंधु हिंदूंच्या संघांतून खेळले. संघांत अनुभवानें, कीर्तीनें व वयानें बाळू वडील. परंतु कप्तान निवडण्याची वेळ आली, कीं दुसरेंच नांव पुढें येई. त्या वर्षीं कप्तानपद मिळालेले श्री. पै यांनीं तर आपल्या सत्काराच्या सभेंतच सांगितलें, कीं हा मान खरा आपल्या मित्राचा, बाळूंचा होता. ज्याला मान मिळाला, तोच तो नाकारून खऱ्या धन्याकडे बोट दाखवितो, असे प्रसंग खेळाच्या इतिहासांत थोडे. पै यांचेंहि नांव या चरित्रांत आदरानें घेतलें पाहिजे. तथापि समितीचें मन पालटलें नाहीं. ज्यांना बाळूंच्या हातचा चेंडू चालत होता, त्यांना बाळूंच्या तोंडची आज्ञा चालत नव्हती.

असें सात वर्षें चाललें. १९२० सालीं तर बाळूंना संघांतूनच वगळण्यांत आलें. आणि कप्तानपदासाठीं त्यांच्या भावांनाहि डावलून दुसऱ्याची निवड झाली. तेव्हां विठ्ठल व शिवराम यांनीं खेळण्यास नकार दिला, आणि त्याचें कारण लपवून न ठेवतां जाहीरपणें सांगितलें. जातीमुळें आमच्या गुणांचा अपमान होतो, तर आम्ही खेळणार नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. लोकांत मोठी चर्चा झाली. पुष्कळांनीं बंधूंची बाजू घेतली. पारशांशीं होणाऱ्या अंतिम सामन्यासाठीं बाळूंना परत बोलावून उपकप्तान नेमावें लागलें. कप्तान पै तेच होते. खेळ चालू असतां ते कांहीं काळ मैदान सोडून आंत जाऊन बसले, आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाचें नेतृत्व बाळूंकडे आलें. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या माणसानें हात वर करून गड्यांना इकडे-तिकडे उभें केलें असेल, तेव्हां त्याच्या मनांत काय आलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. न्याय मिळाला तो एवढाच, तोहि मित्राच्या युक्तीनें.

परंतु वाट मोकळी झाली होती. १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हे हिंदूंच्या संघाचे कप्तान झाले, आणि त्याच वर्षीं त्यांच्या संघानें युरोपियनांचा पराभव केला. लोकांनीं त्यांना खांद्यावर उचलून नाचविलें. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानीत, त्यांना उचलून घेण्यासाठीं चढाओढ लागली. थोरल्या भावानें जमीन केली, धाकट्यानें पीक घेतलें. विठ्ठलांनीं पुढें आपलें क्रीडाजीवन मराठींत लिहून १९४८ सालीं प्रसिद्ध केलें, ही गोष्ट मराठी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

खेळांतून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यांत पडले. १९३२ च्या पुणें करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचें नांव आहे. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईंत काँग्रेसच्या वतीनें ते उभे राहिले, आणि त्यांच्यासमोर उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सुमारें दोन हजार मतांनीं बाबासाहेब निवडून आले. ज्याचा सत्कार करण्यांत एका तरुणानें पुढाकार घेतला, त्याच तरुणाशीं सव्वीस वर्षांनीं सामना पडला. दोघांचें ध्येय एक, मार्ग निराळे. यांत कोणास कमी लेखण्याचें कारण नाहीं. बाबासाहेबांनीं १९५० सालीं आमच्या याच शहरांत महाविद्यालय काढलें; तें मिलिंद महाविद्यालय, आणि त्याच्या भोंवतालचें नागसेनवन, आमचे वाचक जातां-येतां पाहतात. ज्या मुलांना बाळूंप्रमाणें मैदानाच्या जाळ्यांतच शिकावें लागलें असतें, त्यांच्यासाठीं तेथें वर्गांचीं दारें उघडलीं. बाळूंच्या आयुष्यांत जें उणें राहिलें, तें पुढच्या पिढींत भरून काढण्याचा तो उद्योग होता.

बाळू पालवणकर १९५५ च्या जुलै महिन्यांत मुंबईंत निवर्तले. पहिल्या प्रतीच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ गडी बाद केले, आणि दर गड्यामागें सरासरी १५ धांवांहून थोड्या अधिक दिल्या. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ सालीं झाला. तोंवर त्यांचा काळ सरला होता.

आणि आतां तो बेसबॉलचा प्रसंग. त्याच १९५५ च्या जुलैंत, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना प्रांतांत, चार्ल्स्टन शहरीं कॅनन स्ट्रीट वाय्. एम्. सी. ए. या संस्थेच्या मुलांचा एक संघ लिटल लीगच्या प्रांतिक स्पर्धेंत उतरला. मुलें अकरा-बारा वर्षांचीं. सर्व काळ्या वर्णाचीं. त्यांच्याशीं खेळावें लागूं नये म्हणून प्रांतांतील गोऱ्या मुलांच्या संघांनीं स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. समोर कोणी उरलाच नाहीं, त्यामुळें हीं मुलें न खेळतां विजयी ठरलीं. मग नियम आडवा आला, कीं जो संघ सामना खेळून जिंकला नाहीं, त्यास पुढें जातां येत नाहीं. पुढच्या फेरीचें दार बंद झालें. लिटल लीगनें त्यांना विल्यमस्पोर्टच्या अंतिम स्पर्धेला पाहुणे म्हणून बोलाविलें. मुलें लांबचा प्रवास करून गेलीं. त्यांना थोडा वेळ मैदानावर चेंडू फेकूं दिला, आणि मग प्रेक्षकांत बसविण्यांत आलें. त्यांना खेळूं द्या, असा प्रेक्षकांनीं गजर केला. परंतु त्यांना खेळावयास मिळालें नाहीं.

बारा वर्षांचा मुलगा गणवेष घालून, हातमोजा मांडीवर ठेवून, जगांतल्या मोठ्या स्पर्धेंत प्रेक्षक म्हणून बसला आहे. आणि पुण्यांत कित्येक वर्षांपूर्वीं एक तरुण मंडपाबाहेर मातीचें भांडें हातांत घेऊन बसला होता. या दोन चित्रांत समुद्राचें अंतर आहे, साठ वर्षांचें अंतर आहे. परंतु आम्हांस तीं एकाच भिंतीवर टांगलेलीं दिसतात. चेंडूला जात नाहीं, वर्ण नाहीं. तो ज्याच्या हातांत नीट बसतो त्याचें ऐकतो. भेद करतात तीं माणसें, आणि तींहि बहुधा वाईट माणसें नसतात. नियम असा आहे, रिवाज असा आहे, एवढेंच तीं म्हणतात. बाळूंना संघांत घेणारे, त्यांच्या गोलंदाजीवर खूष होणारे, आणि तरीहि त्यांना बाहेर चहा देणारे लोक हे शिकलेसवरलेले सभ्य गृहस्थच होते.

म्हणून हें चरित्र वाचून विद्यार्थ्यांनीं केवळ मेहनतीचा धडा घ्यावा, एवढ्यावर आमचें समाधान नाहीं. मेहनत करावी, हें तर खरेंच. ज्यानें ४ रुपयांच्या चाकरींत आपला डावा हात घडविला, त्याच्यापुढें साधनें नाहींत ही सबब टिकत नाहीं. परंतु दुसरा धडा अधिक कठीण आहे, आणि तो पालकांनाहि लागू आहे. आपल्या वर्गांत, आपल्या गल्लींत, आमखास मैदानावरच्या आपल्या संध्याकाळच्या खेळांत, असा कोणी मुलगा किंवा मुलगी आहे काय, जिला आपण सदां चेंडू आणावयास धाडतों आणि बॅट कधीं देत नाहीं? ज्याच्या गुणांचा आपण उपयोग करून घेतों, पण ज्याला नायक करण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं? डब्याच्या सुट्टींत कोण एकटें बसतें? या प्रश्नांचीं उत्तरें आम्ही देऊं शकत नाहीं. तीं ज्याची त्यानेंच शोधावयाचीं आहेत. पै यांच्यासारखें थोडा वेळ मैदान सोडून बाजूला बसणें, ही त्यांतली सर्वांत सोपी कृति होय, आणि तीहि फार थोड्यांना सुचते.

पुढच्या हिंवाळ्यांत क्रीडादिवस येतील. पहाटे कोणी तरी पुन्हां दोरी ताणून फक्की मारील. त्या रेषा ओलांडून खेळावयास जाण्यापूर्वीं, त्या ओढणाऱ्याचें नांव मुलांनीं एकदां विचारून घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे. एके काळीं तें नांव बाळू असें होतें.